अकोल्याचं बंद बॅकस्पेस

आमच्या घरात आज कोणालाही विचारा. एवढंच सांगतील की अमरावतीच्या सुनेनं परीक्षा चालू असताना, परक्या माणसांसमोर, भासऱ्यांचा हात धरला. का धरला, हे कोणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, पण सांगण्यासारखं ते कोणाला वाटत नाही. म्हणून ती सून, म्हणजे मी, लिहिते आहे.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांना शिवायचं नाही अशी रीत. नमस्कारसुद्धा लांबून. डोक्यावरचा पदर केव्हाच गेला, पण बोलणं अजून तिऱ्हाइताच्या तोंडून चालायचं. मी समोर उभी असले तरी ते जावेला म्हणत, "त्यांले विचार, अमरावतीचा क्लास कसा चालून राहिला." आणि मी जावेकडे बघून उत्तर द्यायची. इतकी वर्षं हे चाललं आणि मला त्याचा त्रासही झाला नाही. कामं होत होती.

काम टायपिंग क्लासचं. अकोल्याचा क्लास सासऱ्यांनी काढलेला, तो भासरे चालवतात. अमरावतीचा मी काढला. सासऱ्यांच्या वेळी लोखंडी मशीन होत्या. चुकीचं अक्षर एकदा उमटलं की उमटलं; खोडायला गेलं तर कागद फाटायचा. म्हणून विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच बजावलं जायचं, चुकलं तर पुढे जा, मागे फिरू नका. संगणक आल्यावर मागे फिरायला बॅकस्पेस मिळालं आणि भासऱ्यांना ते बटण डोळ्यांत खुपायला लागलं. "यानं हात बिघडते," असं ते म्हणत. त्यांनी सगळ्या कीबोर्डवरची बॅकस्पेसची टोपणं उपटून एका बरणीत भरून ठेवली. अकोल्याच्या क्लासमध्ये प्रत्येक कीबोर्ड उजव्या कोपऱ्यात दात पडल्यासारखा दिसायचा. बाहेरचे लोक हसायचे, पण त्या क्लासचे विद्यार्थी खरोखरच कमी चुकतात. या बाबतीत मी भासऱ्यांच्या बाजूची आहे. माझ्याकडेही सरावाला बॅकस्पेस चालत नाही. मी टोपणं मात्र काढत नाही. दाबलं की रागावते.

दोन्हीकडच्या मशीन जुन्या. त्यांच्यावर विंडोज काढून लिनक्स मी घातलं, कारण जुन्या मशीनवर तेच धड चालतं. त्याला एक खोड आहे. उन्हाळ्यात मशीन तापली की मधेच पडदा थिजतो. माउसचा बाण हलतो, पण कशावरही क्लिक होत नाही, टाइप केलेलं अक्षर उमटत नाही. लोक घाबरून सरळ पॉवरचं बटण दाबतात आणि न साठवलेलं काम घालवून बसतात. खरं तर काम आत शाबूत असतं. त्याच्याभोवतीचा डेस्कटॉप अडकलेला असतो, तेवढा नव्यानं सुरू केला की उघडी खिडकी जशीच्या तशी परत मिळते.

पूर्वी यासाठी एक शॉर्टकट होता. कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस एकत्र दाबायचं. तो जरा आडदांड होता, सगळंच बंद करून पहिल्यापासून सुरू करायचा, पण निदान होता. नव्या आवृत्तीत तो कोणीतरी काढून टाकला. म्हणे लोक चुकून दाबतात. मला संताप आला. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी ज्याला कळतं त्याचं हत्यार काढून घ्यायचं, ही कुठली रीत? मी वाचून, विचारून, दोन-चार मशीनचा सत्यानाश करून तो शॉर्टकट परत आणला, आणि पहिल्यापेक्षा बरा आणला. एक छोटा प्रोग्राम मागे बसून राहतो, ती तीन बटणं एकत्र दाबली की फक्त डेस्कटॉप नव्यानं सुरू करतो, उघड्या कामाला धक्का लावत नाही. बटणं मुद्दाम तीच ठेवली. आमच्या क्लासमध्ये बॅकस्पेसला कोणी हात लावत नाही, म्हणजे चुकून दाबलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. अकोल्याच्या मशीनवरही मीच बसवून दिला आणि जावेमार्फत निरोप ठेवला, की आता टोपणं परत बसवा, त्या बटणाचं काम आहे. टोपणं बसली. मला वाटलं, विषय संपला.

माझ्याकडे बडनेऱ्याहून एक बाई टायपिंगला यायच्या. मी त्यांना भाभी म्हणायची, त्या मला मॅडम. नवऱ्याचं गादी-रजईचं दुकान, त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दू माध्यमात बी.ए.पर्यंत. घरात हिंदी, बाजारात वऱ्हाडी, आणि आता कागदावर मराठी. अकोल्याला, त्यांच्या माहेराजवळ, एका उर्दू शाळेत लिपिकाची जागा निघाली होती. शाळा उर्दू असली तरी सरकारी कार्यालयांशी पत्रव्यवहार मराठीत, त्यामुळे मराठी टायपिंग हवंच. वयाची अट होती आणि भाभी त्या अटीच्या अगदी कडेला उभ्या होत्या. पुढच्या वेळी जागा निघाली असती तरी त्यांना अर्ज करता आला नसता. हे त्यांनी मला रडगाण्यासारखं सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "मॅडम, या बारी नाही झालं तर मग रजईतच रुई भरतो जिंदगीभर. म्हणून तुम्ही मले रागवत जा, लाजू नका."

मी लाजले नाही. रोज रागावले. मशीन थिजली तर काय करायचं तेही शिकवलं. पॉवरला हात लावायचा नाही, ती तीन बटणं दाबायची, डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. माझ्याकडे मशीन थिजतातच, त्यामुळे त्यांना ते अंगवळणी पडलं होतं.

शाळेच्या संस्थेनं परीक्षेसाठी जागा घेतली ती आमच्याच अकोल्याच्या क्लासची. मराठी कीबोर्डच्या इतक्या मशीन एका खोलीत दुसरीकडे नव्हत्या. भासऱ्यांनी निरोप पाठवला, "त्यांले म्हणा, त्या दिवशी येऊन उभ्या राहा. मशीन बसली तर पाहासाठी." बसली म्हणजे थिजली. रविवारी सकाळी भाभी आणि मी बडनेऱ्याहून एकाच गाडीनं गेलो. त्यांनी डबा आणला होता, पण त्यातलं काही खाल्लं नाही. मूर्तिजापूर गेल्यावर मांडीवर बोटं चालवत बसल्या.

अकोल्याचा एप्रिल. खोलीत एकच कूलर, आणि तो शाळेच्या संस्थेच्या सेक्रेटरींच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, वयस्कर, नीट बोलणारे. त्यांना कूलर नको होता. दोनदा म्हणाले, मशीनकडे फिरवा. भासऱ्यांनी ऐकलं नाही, पाहुण्यांना ऊन लागू देतात का! म्हणजे मशीन तापणार होत्या. मी तोंड उघडणार होते, पण परीक्षा सुरू झाली.

नियम भासऱ्यांनी वाचून दाखवले. बोलायचं नाही, उठायचं नाही, बॅकस्पेस दाबायचं नाही. उतारा पूर्ण झाल्यावरच तो साठवला जाईल. शेवटी स्वतःहून म्हणाले, "आमच्या क्लासचे कोणी असतील तर त्यांच्यावर माझी नजर दुप्पट राहील." सगळ्यांना कळलं कोणाबद्दल बोलताहेत. त्या खोलीत आमच्या क्लासच्या एकट्या भाभीच होत्या.

भाभींचा हात चांगला चालला होता. मी भिंतीशी उभी राहून आवाजावरून ओळखत होते. माझ्या विद्यार्थ्यांचा आवाज मला कळतो. उतारा संपत आला असेल, आणि तो आवाज थांबला. भाभींची मशीन थिजली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, घाबरल्या नाहीत. शिकवल्याप्रमाणे तीन बटणं दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली.

"हां! बॅकस्पेस!" भासरे मागच्या रांगेतून ओरडले. "मी पाह्यलं. दोन बारी दाबलं."

बाकीच्यांचे हात थांबले. सेक्रेटरी उठून आले.

"मशीन बसली साहेब," भाभी म्हणाल्या.

"मशीन बसली तर हात वर कराचा. खोडाचं बटण दाबाचं? आमच्या क्लासची हाय म्हणून सोडून देऊ का? ही कॉपीच झाली."

सेक्रेटरींनी विचारलं, "बेटी, आपने दबाया?"

"दबाया सर. मशीन चालू कराले दाबलं. मिटवाले नाही."

"सगळे असंच सांगतात," भासरे म्हणाले.

मी पुढे गेले, ती तीन बटणं स्वतः दाबली. काही नाही. शेजारच्या रिकाम्या मशीनवर दोन अक्षरं टाइप केली आणि बॅकस्पेस दाबलं. अक्षरं जागची हलली नाहीत. माझ्या लक्षात आलं.

"दादा," मी म्हणाले, आणि यावेळी मध्ये जाऊ नव्हती, "बॅकस्पेसचं काय केलं?"

माझ्याकडे न बघता त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं, "परीक्षा हाय म्हणून मशीनवाल्याले बोलावून आतूनच बंद करून घेतलं साहेब. टोपणं काढली तं बरं नाही दिसत पाहुण्यायले."

मला इतका राग आला की पायाखालची फरशी गरम लागायला लागली. मी निरोप ठेवला होता, त्या बटणाचं काम आहे म्हणून. यांनी ते मारून टाकलं आणि मला एक शब्द सांगितला नाही. वर मलाच बोलावून घेतलं, मशीन बसली तर बघायला!

"बटण बंद होतं ना?" मी म्हणाले. "मग बंद बटणानं भाभींनी खोडलं काय?"

खोलीत एकजण हसला. भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. "नियत तं तीच होती ना!"

नियत. म्हणजे शिकवलेलं बरोबर केलं तरी चोर, आणि चोरी करता येणं अशक्य असलं तरी चोर. मी सेक्रेटरींना सांगायला लागले की हा शॉर्टकट मीच बसवलेला आहे, तो कशासाठी आहे, आणि भाभींचं टाइप केलेलं सगळं आत सुरक्षित आहे. ते ऐकत होते. पण भासऱ्यांना वाद नको होता. संस्थेसमोर क्लासचं नाव खराब होत होतं. ते म्हणाले, "आता चर्चा नको. मशीन बंद करून चालू करू, नव्यानं पाहू काय ते." आणि वाकून त्यांनी पॉवरच्या बटणाकडे हात नेला.

"दादा, नका दाबू," मी म्हणाले. हात पुढे जातच होता. "दादा!" हात थांबला नाही.

मी मनगट धरलं.

घट्ट धरलं. त्यांच्या हाताला घाम होता आणि मनगटावरचा दोरा माझ्या बोटांत आला होता, एवढं मला आठवतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा सरळ पाहिलं असेल. मी म्हणाले, "हे बटण दाबलं तर यांचा उतारा जाईल. आणि उतारा गेला तर त्यांच्याकडे दुसरी संधी नाही. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. विटाळ झाल्यासारखा हात धोतराला पुसला, की घाम पुसला, देव जाणे. मी बघत बसले नाही. सेक्रेटरींना म्हटलं, "सर, माझ्या मागे उभे राहा. मी काय टाइप करते ते एकेक अक्षर बघा. यांच्या उताऱ्याला मी हात लावणार नाही." ते चष्मा सारखा करून उभे राहिले.

पडदा थिजला तरी लिनक्सचा मागचा दरवाजा उघडा असतो. काळा पडदा येतो, नुसती अक्षरं. कोणीतरी मागून "गेलं सगळं" म्हणालं. मी आत शिरले, बॅकस्पेस मारणारी ओळ शोधली. मशीनवाल्यानं ती सुरुवातीच्या फाइलमध्ये घालून ठेवली होती. ओळ काढून टाकली, बटणाला त्याचं काम परत दिलं आणि पुन्हा थिजलेल्या पडद्यावर आले. तिथे हात वर उचलले.

"भाभी, तुम्ही दाबा."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं नाही, भासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्याकडे बघत तीन बटणं दाबली. पडदा पापणीसारखा लवला, काळा झाला, परत आला. उतारा होता तिथे होता, शेवटचा शब्द अर्धा.

सेक्रेटरी वाकून तो अर्धा शब्द बघत राहिले. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, बाकीच्यांचं होऊ द्या, यांचा जितका वेळ वाया गेला तितका यांना नंतर मिळेल. भासरे म्हणाले, "साहेब, लोक काय म्हणतील? आमचीच विद्यार्थिनी..." सेक्रेटरी म्हणाले, "जनाब, मशीन भी आप ही की है." आणि त्यांनी स्वतः उठून कूलर मशीनकडे फिरवला.

भाभींनी उरलेला उतारा पूर्ण केला. मी तेव्हा बाहेरच्या पायरीवर बसून त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली. भूक लागली होती.

संध्याकाळी मी अमरावतीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. नवरा दारातच म्हणाला, "दादाचा हात कावून धरला? तोंडानं सांगता नाही आलं?"

"सांगितलं."

"अजून एक बार सांगाचं होतं."

"तोवर त्यांचं बोट पोचलं असतं."

"पण हात?"

मी त्याला विचारलं, की पॉवरच्या बटणाकडे जाणारा हात लांबून नमस्कार करून थांबवतात का. तो जेवायला बसला. दोन दिवसांनी जावेचा फोन आला. ती चांगली आहे, पण तिनंही तेच, "तुम्ही पाया पडून मोकळ्या व्हा ना बाई. हे दोन दिवस झाले, धड जेवले नाही." मी म्हटलं, पडते की. भासऱ्यांना नमस्कार लांबूनच करायचा असतो, तर अमरावतीहून करते, सांग त्यांना. तिनं सांगितलं की नाही माहीत नाही.

माझी अट एकच होती. भासऱ्यांनी मशीनमधली ती ओळ सगळीकडून काढून घ्यावी आणि भाभींना कॉपी म्हणालो ते चुकलं, एवढं म्हणावं. माझी माफी मागा असं मी म्हणतच नव्हते. पण भासऱ्यांना माझा हात आठवत होता आणि भाभी आठवत नव्हत्या. खरा राग मला याचा आहे. मनगट धरलं म्हणून त्यांचं काय गेलं? भाभींचं तर पुढचं सगळं आयुष्य त्या पॉवरच्या बटणापाशी येऊन थांबलं होतं.

भाभींना नोकरी मिळाली. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी त्या क्लासमध्ये पेढे घेऊन आल्या, नवऱ्यालाही घेऊन आल्या. तो बिचारा अवघडून दारातच उभा होता. भाभी म्हणाल्या, "मॅडम, काम तं झालं. पण त्यायनं मले सगळ्यायसमोर चोर म्हटलं."

"माहीत आहे."

"ते अजून तसंच हाय ना."



मग अकोल्याहून निरोप आला. संस्थेच्या सेक्रेटरींनी भासऱ्यांना सांगितलं होतं, की पुढची परीक्षा तुमच्याकडेच घेऊ, पण ती मशीन पुन्हा चालू करायची तीन बटणांची सोय सगळीकडे पाहिजे. जावेच्या तोंडून मला कळवण्यात आलं, "ह्यायनं सांगितलं, त्यांले म्हणा येऊन करून द्या." माझं म्हणणं पटलं म्हणून त्यांनी बोलावलं नव्हतं. गिऱ्हाईक जाईल म्हणून बोलावलं होतं. तरी गेले. कारण त्या मशीनवर पुढे दुसरी कोणी बसणार होती.

गेल्यावर कळलं की यात भांडायचं काहीच नव्हतं. माझा शॉर्टकट बटणाच्या नावावर बांधलेला होता. बटणाचं काम काढून घेतलं की नाव जातं आणि शॉर्टकटही मरतो. तोच बटणाच्या क्रमांकावर बांधला तर क्रमांक कुठे जात नाही. म्हणजे एकटं दाबलं तर बॅकस्पेस मेलेलं, काही खोडणार नाही, भासरे खूश. कंट्रोल आणि ऑल्टबरोबर दाबलं तर डेस्कटॉप नव्यानं सुरू. एका मशीनला जेमतेम चहा निवेल इतका वेळ. परीक्षेआधी त्यांनी जावेकरवी एक निरोप पाठवला असता, तर मी हे तेव्हाच करून दिलं असतं. सगळ्या मशीनवर केलं आणि प्रत्येकीवर तीन बटणं दाबून पडदा लवताना पाहिला. भासरे वरच्या मजल्यावर होते. खाली आले नाहीत.

निघताना बाहेर पाहिलं तर क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स. भासऱ्यांचा हात जोडलेला फोटो, खाली "आमचे यशस्वी विद्यार्थी", आणि पहिलंच नाव भाभींचं, नेमणुकीसकट. मी तिथेच उभी राहून भाभींना फोन लावला. त्या शाळेत होत्या. शाळा सुटल्यावर आल्या, ऑफिसच्या साडीत, हातात पर्स. मला वाटलं होतं मी बोलेन. त्यांनी मला बोलू दिलं नाही. वर तोंड करून आवाज दिला, "साहेब, जरा खाली या." आणि भासरे खाली आले, कारण शाळेच्या क्लार्क मॅडम हाक मारत होत्या.

"साहेब, माझं नाव काढा याच्यावरून."

"कावून? अभिमानाची गोष्ट हाय."

"मी कॉपी केली म्हणे ना तुम्ही. कॉपीवालीचं नाव कायले लावता? ज्या दिवशी ते परत घ्याल, त्या दिवशी लावा. मी पेढे घेऊन येतो."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हेही मीच शिकवलं होतं. मी हे शिकवलेलं नव्हतं. भाभी तिथून हलल्या नाहीत. पोरं क्लास सुटून बाहेर येत होती आणि थांबून बघत होती. शेवटी भासरे आत गेले, पांढऱ्या कागदाची पट्टी आणि डिंकाची बाटली घेऊन आले, आणि स्वतःच्या हातानं ते नाव झाकलं. पट्टी तिरपी बसली. सरळ करायला त्यांनी ती ओढली, पण ती निघाली नाही.

तो फ्लेक्स अजून तिथेच आहे. उन्हानं भासऱ्यांचा फोटो फिकट होत चालला आहे, पट्टी मात्र पक्की आहे. अकोल्याला कामाला गेले की मी आधी मशीनवर ती तीन बटणं दाबून बघते आणि मग बाहेर येऊन पट्टी बघते. अजून तरी कोणी पेढे आणलेले नाहीत.